फिनले गिलरूथ लखनौला पडला नाही

सोमवार, ३ जून

लॅखीचा फोन. पहिलंच वाक्य — ‘नेट्टा, तुला काय, वेळच वेळ आहे!’

एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात दोनशे पोरांचं सूप ढवळलं. गुडघे तिथेच ठेवून आले. आता निवृत्त झाले म्हणजे मी रिकामटेकडी! आणि हा निवृत्त झाला तो मात्र ‘संशोधन’ करतो. चुलतभाऊ आहे, वयाने चार वर्षं मोठा, हेडमास्तर होता. अजून बोलतो ते मला फळ्यापुढे उभं केल्यासारखंच.

काम काय, तर ऑगस्टच्या दहा तारखेला सगळे गिलरूथ इथे पोर्टस्कारला जमणार. कॅनडाचे, न्यूझीलंडचे, झाडून सगळे. चर्चच्या आवारात खापरपणजोबांच्या नावाचा दगड बसवायचा. ‘सार्जंट फिनले गिलरूथ, लखनौच्या लढाईत पडला, १८५७.’ मी फक्त तारीख शोधून द्यायची. ‘दोन दुपारचं काम आहे गं.’

हो म्हटलं. सदुसष्टावं लागलं तरी नाही म्हणता येत नाही मला!

गुरुवार, १३ जून

इन्व्हर्नेसची बस वीस मिनिटं उशिरा. दफ्तरखान्यात गारठा. तिथल्या श्रीमती स्वॉनी नाकाला रुमाल लावून बसलेल्या, पण बाई कामाची. पलटणीचं नाव सांगितलं, मेलेल्यांची यादी दहा मिनिटांत पुढ्यात.

त्यात फिनले गिलरूथ नाही.

लखनौला त्या पलटणीतलं जे जे माणूस गेलं, त्याचं नाव आहे. ढोल वाजवणाऱ्याचंसुद्धा. आमचाच तेवढा नाही. जखमींत नाही, तापाने मेलेल्यांत नाही. मग भरतीचं पुस्तक काढलं — तिथेही नाही! हा माणूस पलटणीत कधी नव्हताच.

‘कारकून लोक वाटेल तसं लिहायचे,’ बाई म्हणाल्या. ‘नाव कानाला जसं ऐकू येईल तसं. धीर धरा.’

धीर! बसस्टॉपवर उभ्याने चिप्स खाल्ल्या आणि घरी आले.

शुक्रवार, १४ जून

लॅखीला सांगितलं. ‘तू नीट बघितलं नसशील.’

बरं.

बुधवार, २६ जून

लॅखीकडे गेले होते. घरचं बायबल बघायचं होतं. पहिल्या पानावर सगळे जन्म-मृत्यू लिहिलेत म्हणे. ‘म्हणे’, कारण ते मी उभ्या जन्मात पाहिलेलं नव्हतं! गिलरूथांच्या मुलींना ते कधी हातात मिळालेलं नाही. ते थोरल्याच्या थोरल्याकडे जातं.

म्युरिएलने चहा दिला, जॅमचे केक दिले, हवापाणी झालं, तिच्या बहिणीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. बायबल काही येईना. शेवटी मीच म्हटलं, ‘लॅखी, आणतोस की मी उठून आणू?’ तेव्हा आणलं. टेबलावर टॉवेल पसरून ठेवलं आणि पानं स्वतः उलटली. माझे हात ओले आहेत म्हणे!

पण पान पाहिलं. ‘ह्यू, जन्म १८५१. बार्बरा, जन्म १८५३.’ आणि खाली, अगदी स्वच्छ अक्षरात — ‘फिनले गिलरूथ, लखनौ, नोव्हेंबर १८५७.’ खाली सही. एल्सपेट गिलरूथ. खापरपणजीने स्वतः लिहिलेलं.

‘झालं समाधान?’ लॅखी म्हणाला. ‘बायको स्वतः लिहितेय.’

बायकोला कुणी सांगितलं पण? लखनौहून पत्र आलं का? पलटणीचा कागद? ‘तुला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची असते, नेट्टा. लहानपणापासून.’

केक उरले होते ते म्युरिएलने बांधून दिले. गल्लीतल्या कुत्र्याला घातले.

मंगळवार, २ जुलै

सापडला!!

किलरॉथ! कुणा मठ्ठ कारकुनाने गिलरूथचं किलरॉथ केलं आणि माणूस पावणेदोनशे वर्षं हरवला. श्रीमती स्वॉनींनीच शोधला, लंडनहून प्रती मागवून. नाव फिनले, बायकोचं नाव एल्सपेट, दोन मुलं, सगळं जुळतंय.

आणि सार्जंट? कसला सार्जंट! साधा शिपाई. दोनदा बढती मिळाली, दोनदा मारामारीपायी काढून घेतली. हसू आलं मला, एकटीच मोठ्याने हसले. लॅखीचा सार्जंट!

मग पुढचं पान पाहिलं. लखनौला होता. खांद्याला गोळी लागली. बरा झाला. १८६१ साली पेन्शन देऊन मोकळा केला.

मेला नव्हता.

मेलाच नव्हता तो!

रविवार, ७ जुलै

कुणाशी बोलले नाही. गाजरं उपटली.

मंगळवार, १६ जुलै

आज सगळं मिळालं. 

फिनले किलरॉथ डंडी शहरात राहिला. तागाच्या गिरणीत रखवालदार. सत्तावीस वर्षं! दर तिमाहीला जाऊन पेन्शन घेतली. १८८८ साली मेला. मृत्यूच्या दाखल्यावर काय लिहिलंय? — विधुर!

विधुर!! इकडे ही जिवंत!

तेवढ्यावर भागलं नाही. श्रीमती स्वॉनी म्हणाल्या, ‘तुमच्या गावची गरिबांच्या मदतीची वही आमच्याकडे आहे, बघायची का?’ बघितली. १८७१, जानेवारी. ‘एल्सपेट गिलरूथ, सैनिकाची विधवा, वय ४१, हेरिंग मासे साफ करते, छातीला खोकला, कोळसा मागते.’ पुढे अधिकाऱ्याचा शेरा — ‘काम करण्याजोगी आहे. मदत नाकारली.’

हिच्याकडे चुलीत घालायला कोळसा नाही आणि तिकडे नवरा गिरणीच्या शेगडीपाशी पाय शेकत बसलाय! स्वतःला विधुर म्हणवतोय!

बसमध्ये बसून सगळं लक्षात आलं. त्यानेच कळवलं असणार. सोबत्याकडून पत्र लिहवून घेतलं असणार — फिनले लखनौला पडला. बिचारीने रडून रडून बायबलात नोंद केली. त्या भामट्यासाठी!

आणि आम्ही त्याला दगड बसवतोय. तिला? तिला काही नाही. ती कुठे पुरलीय तेही कुणाला माहीत नाही.

गुरुवार, २५ जुलै

सगळे कागद घेऊन लॅखीकडे गेले. टेबलावर मांडले, एकेक करून. या वेळी टॉवेल नव्हता.

त्याने चष्मा लावून वाचलं. दोनदा वाचलं. मग चष्मा काढला आणि म्हणाला, ‘हे दहा तारखेनंतर बघू.’

‘नंतर?’

‘दगड कोरून झालाय, नेट्टा. माणसांनी विमानाची तिकिटं काढलीत. डॅरिल विनिपेगहून किल्ट घालून यायचाय. त्यांना काय सांगू? तुमचा वीर ताग राखत बसला होता?’

‘खरं सांग!’

‘खरं काय, किलरॉथ नावाचा कुणीतरी माणूस —’

‘कुणीतरी? बायकोचं नाव एल्सपेट, मुलं ह्यू आणि बार्बरा! अजून काय पाहिजे तुला, त्याचा फोटो?’

तेव्हा तो बोलला. मला ठाऊक होतं कधीतरी बोलणार. ‘तुझा राग फिनलेवर नाही, नेट्टा. आर्चीवर आहे.’

म्युरिएल म्हणाली, ‘लॅखलन!’ पण बोलून झालं होतं.

अकरा वर्षं झाली आर्चीला, माझ्या नवऱ्याला, घर सोडून. तेलविहिरीवर नोकरी, दोन आठवडे समुद्रात, दोन आठवडे घरी. एकदा घरचे दोन आठवडे आलेच नाहीत. नॉर्वेत आहे. नाताळला कार्ड पाठवतो, खाली दोघांची नावं, त्याचं आणि तिकडच्या बाईचं. मी ते कार्ड ठेवते का? नाही. वाचते का? हो.

असेल! असेल आर्चीवर राग! म्हणून फिनले साधू ठरतो काय? दोन माणसांवर राग धरण्याइतकी जागा आहे माझ्यात. तिसऱ्यालाही आहे — लॅखीने नंबर लावावा.

शनिवार, १० ऑगस्ट

केलं मी.

त्रेचाळीस माणसं. ऊन पडलेलं, समुद्रावरून वारा. दगडावर निळं कापड. डॅरिलचं पोट किल्टच्या पट्ट्यावरून उतू चाललेलं, पण माणूस चांगला, मला मिठी मारून म्हणाला, ‘तुम्हीच ना सगळं शोधून काढलंत?’ ते ऐकून लॅखीने मान वळवली. त्याने त्यांना सांगितलं होतं — तारीख नेट्टाने शोधली!

लॅखीचं भाषण. ‘आपल्या रक्तात शौर्य आहे.’ ‘परक्या मातीत पडलेला आपला सार्जंट.’ मी ऐकून घेत होते, देवाशपथ ऐकून घेत होते. मग म्हणाला, ‘आणि त्याची एकनिष्ठ पत्नी, जिने त्याच्या आठवणींवर आयुष्य काढलं —’

‘तो मेलाच नाही!’

माझाच आवाज. स्वयंपाकघरात दोनशे पोरांना ऐकू जाणारा.

सांगितलं सगळं. डंडी, गिरणी, पेन्शन, विधुर, कोळसा. ‘टाकून गेला तो तिला! टाकलेली बाई होती ती, आणि तुम्ही तिला टाकणाऱ्याला फुलं वाहताय!’ कुणीतरी मूल आत नेलं. बॅगपाइपवाला वाजवायचा थांबला तो परत लागलाच नाही. लॅखीचा चेहरा खडूसारखा.

आणि त्या सगळ्यात क्रिसी आत्या. चौऱ्याण्णव वर्षांची, चाकाच्या खुर्चीत, गुडघ्यांवर दोन शाली. बार्बराची नात, म्हणजे माझ्या बाबांची लांबची बहीण. माझ्याकडे बोट रोखून म्हणाली, ‘ए पोरी, गप्प बस! एल्सपेटने सांगितलंय ना तो मेला? मग तो मेला!’

वृद्धाश्रमाच्या बाईने तिला खुर्चीसकट हलवलं. जाताना आत्या रडत होती. मेंदू गेलाय तिचा, मला वाटलं.

कापड काढलंच नाही. हॉलमध्ये सँडविच तशीच राहिली.

रविवार, ११ ऑगस्ट

बरं वाटतंय. लॅखीचा फोन नाही. नको येऊ दे.

म्युरिएलचा आला. दगडवाला लढाईची ओळ घासून काढणार आहे, एवढंच म्हणाली.

जिंकले मी.

गुरुवार, १५ ऑगस्ट

श्रीमती स्वॉनींचं पत्र. एल्सपेट कुठे पुरलीय ते शोधा म्हणून मीच सांगितलं होतं. चर्चच्या दफनाच्या वहीच्या पानाची प्रत आलीय. ‘एल्सपेट, फिनले गिलरूथची पत्नी, आणि तिची दोन मुलं. ताप. मार्च १८५६.’

१८५६? मग १८७१ साली कोळसा कुणी मागितला? मुलंही मेली तर मी कुणाची? ह्यू माझा पणजोबा, त्याचा फोटो आहे माझ्याकडे, भली मोठी दाढी!

खाली बाईंनी लिहिलंय — ‘ही ओळ दोन ओळींच्या मध्ये दाबून बसवलेली दिसते. शाईही वेगळी. माझ्या मते नंतर घुसवलीय. तेव्हाच्या पाद्रीबाबांचंच अक्षर आहे, हे विशेष.’

पाद्री खोटी मरणं का लिहील?

‘एल्सपेटने सांगितलंय ना तो मेला? मग तो मेला.’

उद्या वृद्धाश्रमात बाहेरच्यांना सोडत नाहीत. शनिवारी.

शनिवार, १७ ऑगस्ट

क्रिसी आत्याचा मेंदू कुठेही गेलेला नाही.

मी खोलीत गेले तर तोंड भिंतीकडे. टॅब्लेट नेलं होतं, दूध-साखरेच्या वड्या, घरी केलेलं, तिला आवडतं ते. घेतलं नाही. मी दफनाचं पान तिच्या मांडीवर ठेवलं. तिने भिंग मागितलं. बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, ‘लिहिलं तर खरंच पाद्रीबाबांनी. बार्बरा आजी सांगायची. मला वाटायचं, सांगण्याच्या भरात सांगते.’

‘दार लाव,’ म्हणाली. लावलं.

मग सांगितलं. तिच्याच शब्दांत लिहिते, विसरण्याआधी.

‘बार्बरा आजी आठ वर्षांची होती. सकाळची वेळ. पाद्रीबाबांचा गडी पळत आला — रस्त्याने शिपाई येतोय, खांदा वाकडा, फिनलेच आहे. आईने दोन्ही पोरांना किनाऱ्यावरच्या उलट्या होडीखाली घातलं आणि स्वतः आत शिरली. आजीच्या तोंडात लोकरी मोजा कोंबला. खारट होता, म्हणायची. गोट्यांवरून बूट वाजत गेले. ह्यूला वाटलं, बाबा आले! दहा वर्षांचं पोर, तो पळणार बाहेर. आईने त्याला एका हातानेच दाबून धरला. दुसरा वळायचाच नाही ना.’

‘का वळायचा नाही?’ मी विचारलं.

आत्याने माझ्याकडे असं पाहिलं! ‘बरॅकमध्ये त्याने मोडला म्हणून. दोनदा. दुसऱ्यांदा पंचावन्न साली, पलटण जहाजावर चढायच्या तीन आठवडे आधी. तुला काय वाटलं, ती माहेरी हवा खायला आली?’

मला काय वाटलं.

‘लखनौची बातमी आली तेव्हा पाद्रीबाबांनी चर्चमध्ये वाचून दाखवली. इतकी माणसं पडली म्हणून. ही घरी आली आणि बायबलात लिहून मोकळी झाली. कुणी कळवलं नव्हतं तिला. तिला वाटलं, एवढ्यांत हाही असेल. असावाच. आणि चार वर्षांनी हा दारात!’

‘मग?’

‘मग काय? गावात ज्याला विचारलं त्याने सांगितलं — तापात गेली. पोरंही गेली. मासे साफ करणाऱ्या बायकांनी सांगितलं. त्यातल्या दोघी तिच्याशी बोलत नव्हत्या, त्यांनीसुद्धा! शेवटी तो पाद्रीबाबांकडे गेला. म्हणाला, तुम्ही खोटं बोलणार नाही, तुम्ही सांगा. पाद्रीबाबांनी वही उघडून दाखवली. मग त्याला एका थडग्यापाशी नेऊन उभं केलं. कुणाचं होतं देव जाणे. त्याने टोपी काढली. रडला म्हणे. आणि गेला.’

खोलीत हीटर तापलेला. माझी पाठ घामाने ओली.

‘आम्हाला कुणी का नाही सांगितलं?’

‘तुम्ही ह्यूचे. ह्यूने आईला शेवटपर्यंत माफ केलं नाही. तो होडीखालून बाहेर पडला तो वेगळाच झाला. पोरांना बापाच्या फुशारक्या सांगायचा. सार्जंट केला, तो त्यानेच. बार्बरा आजीने मला सांगितलं तेव्हा सत्त्याऐंशीची होती, आणि तरीही आधी दार लावून घेतलं. कुणी विचारलं तर लखनौ. एवढंच. ऐंशी वर्षं मी तेवढंच म्हणत आलेय.’ मग टॅब्लेटचा तुकडा उचलला. ‘आणि तू बोंब मारलीस. टाकलेली बाई!’

बसने आले नाही. चालत आले, पाच मैल, या गुडघ्यांनी.

टाकलेली! त्रेचाळीस माणसांपुढे मी तिला टाकलेली म्हटलं. एकट्या बाईने एका हाताने पलटणीतल्या माणसाला परतवून लावलं, अख्खं गाव तिच्या बाजूने खोटं बोललं — आणि मी तिला बिचारी केलं. आर्चीने मला केलं तशी. नाही. आर्चीने नाही. मीच स्वतःला.

रविवार, १८ ऑगस्ट

लॅखीला फोन केला. दोनदा वाजून बंद झाला, तिसऱ्यांदा उचलला.

‘ती ओळ घासू नको. लखनौला पडला — तसंच राहू दे.’

‘नेट्टा, तूच त्रेचाळीस माणसांसमोर —’

‘तो पडला नाही, ते मला माहीत आहे. पण तिला तो पडलेला हवा होता. तिने लिहिलंय ते. फक्त सार्जंट खोड. आणि तिचं नाव वर घाल.’

म्युरिएलचा चमचा कपात फिरल्याचा आवाज येत होता.

‘वर म्हणजे किती वर?’

‘त्याच्या डोक्यावर,’ म्हटलं.